तेराव्या पिनची गोष्ट

मोबाईलवरून क्रोमकास्टला व्हिडिओ पाठवला की बंद पडलेला टीव्ही आपोआप सुरू होतो. रिमोटला हातही लावावा लागत नाही. हे घडतं कसं? आजचा भाग त्यावरच.

एचडीएमआय केबलच्या टोकाला १९ पिना असतात. त्यातली तेरावी पिन चित्रासाठीही नाही आणि आवाजासाठीही नाही. ती आहे उपकरणांच्या आपसातल्या निरोपांसाठी. तिला म्हणतात सीईसी, म्हणजे कंझ्युमर इलेक्ट्रॉनिक्स कंट्रोल. कल्पना त्याहून जुनी. युरोपात टीव्ही आणि व्हीसीआर जोडणारी स्कार्ट केबल असायची, तिच्यातल्या एव्ही लिंकवरून ती उचलली. २००२च्या डिसेंबरमध्ये एचडीएमआय आलं, तेव्हापासून सीईसी सोबत आहे.

वेग किती? सेकंदाला साधारण ४०० बिट! आजच्या हिशेबात अगदीच गोगलगाय. पण "टीव्ही, उठ" किंवा "आता माझं चित्र दाखव" एवढं सांगायला तो पुरतो. प्रत्येकाला नंबरही ठरलेला: टीव्ही ०, पहिला प्लेअर ४, साउंड सिस्टीम ५.

मग घोळ कुठे झाला? केबलमध्ये तार हवीच, पण उपकरणाने ती वापरायची की नाही हे कंपनीच्या मर्जीवर. शिवाय नावं वेगवेगळी. सॅमसंगचं ॲनीनेट प्लस, सोनीचं ब्राव्हिया सिंक, एलजीचं सिंपलिंक. मूळ भाषा एकच, पण ग्राहकाला कळणार कसं?

ऑपरेटिंग सिस्टीमच्या बाजूलाही तेच. लिनक्समध्ये बरीच वर्षं सीईसीसाठी सामाईक सोय नव्हती. रास्पबेरी पाय २०१२ मध्ये आला, टीव्हीच्या रिमोटने त्यावर सिनेमे चालवता येऊ लागले, पण ते लिबसीईसी नावाच्या बाहेरच्या लायब्ररीच्या जोरावर. चिप बदलली की ड्रायव्हरची पद्धत बदलायची.

माझ्या मते खरं वळण आलं ते २०१६ मध्ये. हान्स व्हेरकाउल आणि सहकाऱ्यांनी तयार केलेला सीईसीचा सामाईक सांगाडा ऑक्टोबरमध्ये लिनक्स ४.८ मध्ये आला, तोही आधी 'स्टेजिंग'मध्ये, म्हणजे उमेदवारी करत! फेब्रुवारी २०१७च्या ४.१० मध्ये तो मुख्य कर्नलमध्ये बसला. आता चिप कुठलीही असो, ॲप लिहिणाऱ्याला दार एकच. सोबत उपकरण नियम पाळतं का, हे तपासणारं साधनही मिळालं.

तरी एक अडचण उरतेच. बहुतेक कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डांत ती पिन जोडलेलीच नसते. तिथे ऑपरेटिंग सिस्टीम तरी काय करणार?

मला यातून एवढंच दिसतं: नियम कागदावर लिहून भागत नाही. तो सगळ्यांना सारखा वापरता यावा म्हणून कुणीतरी वर्षानुवर्षं किचकट काम करावं लागतं, आणि ते काम कुठल्याही जाहिरातीत दिसत नाही.

आज घरी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा. वरच्यापैकी एखादं नाव सापडेल, कदाचित बंद करून ठेवलेलं. चालू करा आणि काय होतं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!