हिंगोलीच्या छावणीतला फावला वेळ

नोकरदार माणसाची खरी पारख त्याच्या कचेरीत होत नाही, ती त्याच्या फावल्या वेळात होते. कचेरीत सारेच सारखे. संध्याकाळी पाच वाजल्यानंतर कोणी पत्ते कुटतो, कोणी पेटी काढून बसतो, कोणी तिकिटे जमवतो, तर कोणी नुसताच आढ्याकडे पाहत पडून राहतो. आज मी वाचकांना ज्या नोकरदाराची ओळख करून देणार आहे, त्याने आपल्या फावल्या वेळात जे केले त्यामुळे आमच्या हिंगोलीचे नाव १८३९ सालीच लंडनच्या दिवाणखान्यांतून वाचले गेले. ते ज्या कारणाने वाचले गेले ते दिवाळीच्या फराळाबरोबर सांगावे की नाही, याचा मी थोडा विचार केला. पण दिवाळी अंकात एखादी भयकथा असतेच. ही तर बरीचशी घडलेली आहे.

आजच्या हिंगोलीत रिसाला बाजार आहे, तोफखाना आहे, पलटण आहे, पेन्शनपुरा आहे. भाजी घ्यायला जाणाऱ्या गृहिणीला ही नावे इतकी अंगवळणी पडली आहेत की त्यांच्या मागे घोडे, तोफा आणि निवृत्त शिपाई उभे आहेत हे तिच्या मनातही येत नाही. निजामाच्या पदरी, पण इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखाली जी फौज होती, तिचे हिंगोली हे एक मोठे ठाणे. हीच फौज पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून प्रसिद्धीला आली. तिच्या खर्चापायीच १८५३ साली निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावे लागले. १९०३ साली छावणी उठली आणि मोहल्ल्यांची नावे तेवढी मागे राहिली.

या छावणीत १८३० च्या सुमारास फिलिप मेडोज टेलर नावाचा एक तरुण अंमलदार होता. १८०८ साली लिव्हरपूलला जन्मलेला हा मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असताना, १८२४ साली, एका व्यापाऱ्याच्या पेढीवर नशीब काढायला मुंबईला आला. पेढीचे दिवे आधीच मंदावले होते. तेव्हा सरकारदरबारी असलेल्या एका नातलगाने त्याला निजामाच्या फौजेत चिकटवून दिले. कंपनीच्या बड्या नोकरीपुढे ही नोकरी दुय्यम समजली जाई आणि ती सल टेलरच्या मनातून कधी गेली नसावी. वयाची विशी गाठण्याच्या आत तो तुळजापूरच्या मुलखात पोलीस खात्याचा दुय्यम अधिकारी झाला. झाडाखाली बसून गाऱ्हाणी ऐकू लागला आणि गावोगाव हिंडू लागला. पुढे खर्चकपातीची लाट आली, ती जागा गेली आणि स्वारी पुन्हा पलटणीत दाखल झाली.

पलटणीतले जीवन म्हणजे सकाळची कवायत, आणि मग उन्हे उतरेपर्यंत करायचे काय हा प्रश्न. बहुतेक गोऱ्या साहेबांनी तो शिकार, शर्यती आणि मद्य यांनी सोडवला. टेलरही शिकारीला जाई, पण त्याचा मुख्य छंद निराळा होता. हा गृहस्थ माणसांशी बोलत असे. त्याला इथली भाषा येत होती, ऐकायचा कंटाळा नव्हता आणि हातात पेन्सिल असे. त्याच्या दख्खनच्या चित्रांचा संग्रह १८३७ साली लंडनला निघाला.

नेमक्या याच सुमारास सागर-जबलपुराकडे कॅप्टन स्लीमन याने ठगांच्या टोळ्या धरायला सुरुवात केली होती. पकडलेल्यांतले काही माफीचे साक्षीदार झाले आणि त्यांना निजामाच्या मुलखात पाठवण्यात आले. त्यांच्यापैकी एकाची ओळख टेलरला १८३२ साली झाली. त्याच्या कबुलीजबाबानुसार त्याचा प्रत्यक्ष हात ७१९ माणसांच्या खुनात होता. शिवाय मधली बारा वर्षे तुरुंगात गेली म्हणून हजाराचा आकडा राहिला, याची त्याला हळहळ वाटत होती! टेलरने हे सारे ऐकले, मनात मुरवले आणि कादंबरी लिहिली. तीच १८३९ सालची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’. त्यातला अमीर अली आपली जबानी देत जातो आणि साहेब ऐकत राहतो, एवढाच तिचा साचा. पुस्तक धडाक्याने खपले.

या कादंबरीच्या प्रस्तावनेत आमची हिंगोली येते. टेलर सांगतो की या भागातल्या ठगांचा म्होरक्या हरीसिंग हा छावणीतला एक प्रतिष्ठित व्यापारी होता आणि इतरांप्रमाणे खुद्द टेलरनेही त्याच्याशी देवघेव केली होती. एकदा या हरीसिंगाने मुलकी अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्स यांच्याकडून मुंबईचे कापड आणण्याचा परवाना मागून घेतला. कापड होते दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे, आणि ते वाटेत आहे हे याला ठाऊक होते. त्याने तो व्यापारी, त्याचे नोकर आणि बैल हाकणारे यांचा काटा काढला आणि साहेबाच्याच परवान्यावर तो माल हिंगोलीत आणून राजरोस विकला. छावणीतल्या किती मडमांनी ते कापड अंगाला लावून पाहिले असेल, कोण जाणे.

पुढे तर याहून भयंकर आहे. छावणीच्या बाजारातच, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, माणसे मारली गेली आणि शिपायांच्या पहाऱ्याच्या रेषेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली गेली. ती थडगी उकरताना टेलर स्वतः हजर होता. माफीचे साक्षीदार एकामागून एक जागा शांतपणे दाखवत होते, आणि शेवटी जमलेल्या साहेबांनाच शिसारी येऊन त्यांनी खणणे थांबवले.

आता एक प्रश्न मला विचारल्यावाचून राहवत नाही. यातले खरे किती? कादंबरीकाराच्या प्रस्तावनेवर डोळे मिटून विश्वास ठेवणे बरे नव्हे. माफीच्या साक्षीदाराचा गळा फासातून सुटायचा तो दुसऱ्याचा गळा पुढे करून. १८३६ च्या कायद्याने तर केवळ ठगांच्या टोळीत असणे एवढ्याच गुन्ह्याला जन्मठेप ठेवली. अशा वेळी किती निरपराध वाटसरू, फिरस्ते आणि बेकार झालेले शिपाई ठग ठरले असतील? किम वॅग्नर या इतिहासकाराने २००७ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. वाटमाऱ्या टोळ्या खऱ्याच होत्या, पण देवीच्या नावाने खून करणारा एक देशव्यापी गूढ पंथ हे चित्र इंग्रजांनी रंगवलेले आहे, असा त्याचा एकूण रोख आहे. मला तो पटतो. तरीही हिंगोलीपुरते मी टेलरच्या बाजूने एक सांगेन. जबान्या खोट्या देता येतात, आकडेही फुगवता येतात, परंतु ओहोळातून निघालेले सांगाडे कोणाच्या सांगण्यावरून तयार होत नाहीत. ते कोणाचे, आणि कोणी मारलेले, एवढाच वाद उरतो. हरीसिंगाची बाजू मात्र आपल्यापर्यंत आली ती साहेबाच्याच लेखणीतून, आणि हे विसरून चालणार नाही.

टेलर स्वतःही या प्रकरणात थोडा दुखावलेला होता. तुळजापूरची जागा गेली नसती तर ठगीचा शोध स्लीमनच्या आधी आपणच लावला असता, असे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. नोकरीतले हुकलेले श्रेय त्याने फावल्या वेळात वसूल केले म्हणायचे!

पुढली हकीकत थोडक्यात. १८४१ पासून तो सुरपूर संस्थानात होता, १८५३ नंतर नळदुर्गाच्या बाजूला आणि १८५७ च्या धामधुमीत बुलढाण्याकडे. छंद मात्र वाढतच गेले. १८६३ साली त्याची ‘तारा’ ही कादंबरी निघाली. तिची पार्श्वभूमी तुळजापूरची आणि काळ शिवाजी महाराज व अफझलखान यांचा. विजापूरच्या इमारतींवरच्या ग्रंथाला त्याने मजकूर लिहिला. आपल्याकडची शिंग, तुतारी, सनई वगैरे वाद्ये गोळा करून त्यांची सूची डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीपुढे ठेवली. आपण दारी वाजणारी सनई ऐकतो आणि विसरतो, हा गृहस्थ तिची नोंद करत बसला होता.

त्यातही मला सर्वांत विलक्षण वाटतो तो त्याचा सुरपूरचा उद्योग. तिथल्या माळावर शिळावर्तुळांची प्राचीन थडगी आहेत. टेलरने ती उघडली आणि माती, दगड, हाडे, मडकी कोणत्या थरात कशी होती याचे उभे छेद रेखाटून ठेवले. अशी काटेकोर रीत त्या काळी युरोपातही दुर्मीळ होती. शंभर वर्षांनी मॉर्टिमर व्हीलरसारख्या पुरातत्त्वज्ञाने त्याची आवर्जून तारीफ केली. हिंगोलीच्या ओहोळात ज्याने खणणे अर्ध्यावर सोडलेले पाहिले, तोच माणूस वीस वर्षांनी थडग्यापुढे बसून शांतपणे रेघा ओढत होता.

१८७५ साली, नजर अधू झालेली असताना, तो पुन्हा एकदा हैदराबादला येऊन गेला. परतीच्या वाटेवर १८७६ साली फ्रान्समधल्या मॅन्टोन गावी त्याचे देहावसान झाले. ‘स्टोरी ऑफ माय लाइफ’ हे आत्मचरित्र त्यानंतर, १८७७ साली निघाले.

हिंगोलीच्या त्या जागेची खूण त्याने दिली आहे ती अशी : खंदकाएवढाच रुंद आणि तेवढाच खोल, नदीला मिळणारा एक कोरडा ओहोळ, छावणीतून शेजारच्या गावाकडे जाणाऱ्या मुख्य रस्त्याला लागून. नदी म्हणजे आपली कयाधू, संत नामदेवांच्या नरसीवरून वाहत येते तीच. शेजारच्या गावाचे नाव मात्र त्याने लिहिलेले नाही.