पेढी हीच पाठशाळा

सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यांचा इतिहास देणग्यांच्या शिलालेखांतून जसा वाचावयास मिळतो, तसाच तो जुन्या वह्यांतूनही वाचता येतो. तरुणाने घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी त्यास पैसा व पत सांभाळता यावी, यासाठी पूर्वी निराळी शाळा नव्हती. पेढी हीच पाठशाळा होती.

गादीवर बसणाऱ्या मुलाच्या हाती प्रथम रोकड येत नसे, कीर्द येई. प्रत्येक जमाखर्च त्याच दिवशी कीर्दीत नोंदवावा, दिवेलागणीस शिल्लक मोजून मेळ घालावा आणि मग तो खतावणीत खातेवार उतरवावा, हा नित्यक्रम असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी मुखोद्गत झाली की व्याजाचा हिशेब तोंडी जमे. पुढील पाठ हुंडीचा. दर्शनी हुंडी दाखविताच, तर मुदती हुंडी ठरल्या दिवशी भरावी लागे. शहाजोग हुंडीची रक्कम पतवान सावकाराच्या हातीच पडे. हुंडी गहाळ झाल्यास पेठ व तीही हरवल्यास परपेठ लिहून दिली जाई. मात्र हुंडी सकारली गेली नाही, तर गेलेले नाव कोणत्याही परपेठेने परत येत नसे.

या शिक्षणास धर्माचेही अधिष्ठान होते. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटी लिखापढी, आणि न्यासापहार यांची गणना आहे. ठेवीदाराने विस्मरणाने कमी रक्कम मागितली आणि आपण मुकाट्याने तेवढीच दिली, तरी तो न्यासापहारच होय.

शिकविलेले तरुणही चुकतात, हे जैन इतिहासानेच नमूद केले आहे. जौनपूरच्या खरगसेनांनी आपला पुत्र बनारसीदास यास माल देऊन आग्र्यास धाडले. त्याने तो सारा घालविला आणि कित्येक महिने एका कचोरीवाल्याच्या उधारीवर काढले. पुढे त्याने ती उधारी फेडली, एवढेच नव्हे, तर १६४१ साली लिहिलेल्या 'अर्धकथानक' या आत्मचरित्रात ही फजिती उघडपणे सांगितली. नुकसानीची नोंद न लपविणे, हाही हिशेबाचाच धडा आहे.

सोलापूरचे उदाहरण तर घरचेच आहे. 'जैनबोधक'चे संस्थापक शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्या घरी १८८२ साली वालचंद जन्मले. कापूस व सावकारी हा घरचा धंदा सोडून त्यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेतली. १९१९ मध्ये सिंधिया कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनकडे निघाली, तेव्हा सोलापूरच्या या सुपुत्राचे नाव सागरापार गेले. घरचा धंदा बदलता येतो, पत मात्र प्रत्येक धंद्यात बरोबर न्यावी लागते.

आज समाजातील मुले-मुली शिक्षण व नोकरीसाठी पुणे-बंगळूरला जातात. पेढीवर बसण्याचा प्रसंग त्यांच्यावर येत नाही, परंतु उधारी मात्र खिशातील भ्रमणध्वनीवरच मिळते. पूर्वीच्या हिंदू कायद्यातील दामदुपटीच्या नियमाने थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक मागता येत नसे. आज क्रेडिट कार्डाची थकबाकी दरमहा ३ टक्के चक्रवाढीने तशीच राहिली, तर २४ महिन्यांत ती दुपटीहून अधिक होते. बाजारातील नावाची नोंदही आता २००० साली स्थापन झालेल्या सिबिलसारख्या संस्था ठेवतात. चुकलेला एक हप्ता पुढे घरकर्जाच्या वेळी आडवा येऊ शकतो.

उपाय फार अवघड नाही. रिझर्व्ह बँकेने २०१४ पासून १० वर्षांवरील मुलांना स्वतः बचत खाते चालविण्याची मुभा दिली आहे. त्या खात्यासोबत एक साधी वही द्यावी, महिनाअखेरीस वडीलधाऱ्यांनी ती शेजारी बसून पाहावी, आणि चूक सांगणाऱ्या मुलास रागावू नये. वसतिगृहास निघणाऱ्या अपत्याच्या सामानात ही सवय असेल, तर पेढीवरील पाठशाळा बंद पडली असे म्हणावे लागणार नाही.