दीर्घिकेचा शेजारधर्म

मनुष्याचा इतिहास लिहिणाऱ्यास बखरी, ताम्रपट व नाणीं सांपडतात. आकाशस्थ वस्तूंचा इतिहास लिहूं पाहणाऱ्याजवळ असलें कोणतेंच साधन नसतें. त्याच्या हातीं येतें तें एक चित्र, आणि तेंहि स्थिर. वाड्याची भिंत पडलेली दिसली, तर ती तोफेनें पडली कीं पावसानें, हें जसें पडलेल्या विटांवरून ताडावें लागतें, तसेंच ज्योतिषशास्त्रज्ञाला त्या स्थिर चित्रावरून मागील घडामोडींचा तर्क करावा लागतो. असा तर्क करतांना थोर विद्वानांमध्येंहि मतभेद कसा होतो, आणि त्याचा निकाल अखेर कशानें लागतो, याचें एक उत्तम उदाहरण दक्षिण आकाशांतील एका दीर्घिकेच्या इतिहासांत पाहावयास मिळतें. नामावलींतील तिचा क्रमांक एन. जी. सी. १०९७ असा आहे.

फ्रेंच ज्योतिषी लाकाय यांनीं अठराव्या शतकांत दक्षिणेकडील आकाशाचा एक भाग आंखून त्यास ‘फॉर्नॅक्स’, म्हणजे भट्टी, असें नांव दिलें. या भट्टींतच ही दीर्घिका आहे. तिचें अंतर सुमारें साडेचार कोटी प्रकाशवर्षें. विल्यम हर्शेल यांनीं इंग्लंडांतील स्लाउ येथून ऑक्टोबर १७९० मध्यें ती प्रथम पाहिली. तेथून ती क्षितिजावर जेमतेम सात-आठ अंश चढते. महाराष्ट्रांतून ती हिंवाळ्याच्या रात्रीं सुमारें चाळीस अंशांपर्यंत वर येते. इतक्या अडचणीच्या जागीं असलेला तो फिका ठिपका हर्शेल यांच्या वीस फुटी दुर्बिणींतून निसटला नाहीं, यावरून त्यांच्या चिकाटीची कल्पना यावी. दुर्बिणीपाशीं उभे राहून ते वर्णन सांगत, आणि त्यांची भगिनी कॅरोलाइन तें लिहून घेत असे.

हर्शेल यांच्या काळीं असल्या ठिपक्यांना तेजोमेघ म्हणत. त्यांतील कित्येक मेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरील स्वतंत्र तारकासमूह होत, हें एडविन हबल यांच्या १९२४ च्या सुमारच्या निरीक्षणांनीं ठरलें. त्यांच्या आकृतींतील एक वैशिष्ट्य मात्र त्यापूर्वींच हीबर कर्टिस यांच्या दृष्टीस पडलें होतें. कांहीं सर्पिल मेघांच्या मध्यभागीं आडवा पट्टा दिसतो, म्हणून १९१८ मध्यें त्यांनीं त्यांना ‘फाय’ या ग्रीक अक्षराचें नांव दिलें. १९२६ मध्यें हबल यांनीं त्यांचा निराळा वर्गच केला. चक्राच्या मध्यावर आडवा दांडा बसवावा, आणि दांड्याच्या दोन टोकांपासून दोन बाहू वळत वळत बाहेर जावेत, तशी यांची रचना असते. एन. जी. सी. १०९७ ही अशीच दंडयुक्त सर्पिल दीर्घिका होय.

हा दांडा केवळ शोभेचा नाहीं. दांड्याच्या बाजूनें फिरणारे वायूचे मेघ एकमेकांवर आदळतात, त्यांची गति मंदावते, आणि ते केंद्राकडे घसरूं लागतात. परंतु ते थेट केंद्रांत पोंचत नाहींत. वाटेंत सुमारें पांच हजार प्रकाशवर्षें व्यासाचें एक कडें तयार झालें आहे. तेथें वायु साठतो आणि नवे तारे जन्मास येतात. जॉफ्री व मार्गारेट बर्बिज या पतिपत्नींनीं १९६० मध्यें या दीर्घिकेच्या मध्यभागांतील गतींचें मापन प्रसिद्ध केलें. सर्वसाधारण दीर्घिकांपेक्षां कांहीं सर्पिल दीर्घिकांचीं केंद्रें फार निराळीं असतात, व त्यांतील वायु विलक्षण वेगानें हालत असतो, हें कार्ल सायफर्ट यांनीं १९४३ मध्येंच दाखविलें होतें. असल्या केंद्रांना आज ‘सक्रिय’ म्हणतात. एन. जी. सी. १०९७ चें केंद्रहि या वर्गांत मोडतें, हें पुढें दिसून आलें.

आतां तिच्या शेजाऱ्यांकडे वळूं. तिच्या केंद्रापासून सुमारें बेचाळीस हजार प्रकाशवर्षांवर एक लहान लंबवर्तुळाकार दीर्घिका आहे. तिच्या ओढीचा परिणाम मोठ्या दीर्घिकेच्या बाहूवर झालेला दिसतो. हॅल्टन आर्प यांनीं १९६६ मध्यें विचित्र आकाराच्या ३३८ दीर्घिकांचा एक चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. त्यांत ही जोडी ७७ व्या क्रमांकावर आहे. हा संग्रह फार मोलाचा ठरला. १९७२ मध्यें अलार व यूरी टूम्रे या बंधूंनीं गणकयंत्राच्या साहाय्यानें दाखविलें, कीं दोन दीर्घिका एकमेकींजवळून गेल्या, तर केवळ गुरुत्वाकर्षणानेंच त्यांना लांब शेपट्या फुटतात व त्यांच्यामध्यें ताऱ्यांचे पूल बनतात. आर्प यांच्या संग्रहांतील कित्येक कोडीं या एका विचारानें उलगडलीं.

परंतु खरा वाद याच सुमारास उभा राहिला. १९७५ मध्यें वॉल्स्टनक्रॉफ्ट व झीली या दोघांनीं एन. जी. सी. १०९७ च्या छायाचित्रांत अत्यंत फिक्या अशा सरळ रेषा दाखविल्या. पुढें त्या चार भरल्या. त्या तबकडीच्या बाहेर दूरवर गेलेल्या असून केंद्रापासूनच निघाल्यासारख्या दिसतात. त्यांतील सर्वांत ठळक रेषा तर शेवटीं काटकोनांत वळलेली आहे. या रेषा कसल्या? १९७६ मध्यें आर्प यांनीं उत्तर दिलें, कीं सक्रिय केंद्रानें बाहेर फेंकलेल्या द्रव्याचे हे माग आहेत. दीर्घिका आपल्या उदरांतून नव्या वस्तूंना जन्म देतात, आणि क्वासार नांवाचे तेजस्वी बिंदु हीं त्यांचीच अपत्यें होत, असें त्यांचें मत बनत चाललें होतें. या दीर्घिकेभोंवतीं असलेल्या क्वासारांचाहि त्यांनीं पुढें शोध घेतला.

या मताशीं महाराष्ट्राचा संबंध येतो. कोल्हापुरास जन्मलेले जयंत नारळीकर यांनीं पी. के. दास यांच्यासह १९८० मध्यें, दीर्घिकांतून बाहेर पडणाऱ्या क्वासारांच्या कल्पनेस गणिताचा आधार देणारा एक सिद्धांत मांडला. १९९० मध्यें आर्प, बर्बिज, हॉईल, नारळीकर व विक्रमसिंघे या पांचांनीं ‘नेचर’ पत्रांत रूढ विश्वविचारास पर्याय सुचविणारा लेख लिहिला. आर्प यांना मात्र या मतांची किंमत द्यावी लागली. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील मोठ्या दुर्बिणींवर त्यांना निरीक्षणाची वेळ मिळेनाशी झाली, आणि ते जर्मनींत जाऊन राहिले.

वादाचा निकाल लावण्यासाठीं त्या रेषांनाच प्रश्न विचारणें प्राप्त होतें. केंद्रांतून फेंकलेलें तप्त द्रव्य असेल, तर त्यापासून रेडिओलहरी याव्यात, किंवा त्याच्या वर्णपटांत तप्त वायूच्या रेषा दिसाव्यात. तसें कांहींच आढळलें नाहीं. १९८२ व १९९७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत त्या रेषांचा रंग सामान्य ताऱ्यांच्या प्रकाशाशीं जुळतो असें निघालें. शिवाय वेगानें फेंकलेला झोत काटकोनांत वळेल कशानें? २००३ मध्यें हिग्डन व वॉलिन यांनीं आणखी एक गोष्ट दाखविली: त्या रेषांत हायड्रोजन वायूचा मागमूस नाहीं. त्यांनीं गणकयंत्रावर एक लहान दीर्घिका मोठीच्या मध्यांतून पुनःपुन्हां जाऊं दिली. वाटेंत तिचा वायु निघून गेला, तारे पसरले, आणि हुबेहूब तशाच काटकोनी रेषा उमटल्या. म्हणजे जें बाहेर फेंकलेलें वाटत होतें, तें वस्तुतः आंत ओढलेल्या एका लहान शेजाऱ्याचे अवशेष होत. जननाची खूण म्हणून जी वाचली गेली, ती भक्षणाची खूण निघाली.

या भक्षणाचा पुढला अंक केंद्रांत चालू आहे. नोव्हेंबर १९९१ मध्यें ब्राझिलच्या थाइसा स्टॉर्की-बर्गमन व त्यांच्या सहकाऱ्यांना या केंद्राच्या वर्णपटांत हायड्रोजनची रुंद, दोन शिखरें असलेली रेषा दिसली. एका बाजूचा वायु आपल्याकडे येत आहे व दुसऱ्या बाजूचा दूर जात आहे, अर्थात् वायु चक्राकार भ्रमत आहे, असा तिचा अर्थ. पुढील वर्षांत त्या शिखरांची उंची बदलत गेली. कोट्यवधि वर्षांच्या हिशेबाच्या या वस्तूंत मनुष्याच्या हयातींत दिसणारा बदल घडावा, हें आश्चर्यच. एखादा तारा कृष्णविवराजवळ येऊन फाटला असावा, असा एक तर्क आहे. २००५ मध्यें चिली येथील मोठ्या दुर्बिणीनें कड्यापासून केंद्राकडे जाणारे धुळीचे सर्पिल तंतु टिपले, आणि २०१५ मध्यें तेथील आल्मा दुर्बिणींच्या साहाय्यानें कृष्णविवराचें वजन चौदा कोटी सूर्यांइतकें ठरलें. बाहेर पडण्याऐवजीं द्रव्य आंत कोणत्या वाटेनें जातें, ती वाट अशा रीतीनें जवळजवळ अखेरपर्यंत डोळ्यांना दिसली.

आर्प २०१३ मध्यें व नारळीकर २०२५ मध्यें निवर्तले. या एका दीर्घिकेपुरतें पाहिलें, तर आर्प यांचें वाचन टिकलें नाहीं, हें मान्य करणें भाग आहे. परंतु त्यांनीं त्या फिक्या रेषांकडे इतक्या हट्टानें बोट दाखविलें नसतें, तर त्यांचा रंग मोजण्याची व त्यांतील वायु शोधण्याची निकड इतरांना भासली असती काय? शेजारी दीर्घिका एकमेकींवर काय परिणाम करतात, हें जगास दाखविणारा चित्रसंग्रह ज्यांनीं केला, त्यांनाच या ठिकाणीं शेजाऱ्याचे अवशेष ओळखतां आले नाहींत. यांत उपहासाचें कारण नाहीं. स्थिर चित्रावरून गतीची दिशा ठरवूं नये. ती ठरवितांना विटांनाच साक्षीस बोलवावें, एवढाच बोध त्यांतून घ्यावयाचा. भट्टी नक्षत्रांतील त्या दीर्घिकेनें हर्शेल यांना एक ठिपका दाखविला, आर्प यांना जन्मकथा दाखविली, आणि पुढील संशोधकांना एका नाहींशा झालेल्या शेजाऱ्याची राख दाखविली. दीर्घिका तीच होती. तिला विचारलेले प्रश्न मात्र अधिक नेमके होत गेले.