खोल पाणी वर कसं येतं?

1751 साली हेन्री एलिस या इंग्रज कप्तानाने कर्कवृत्ताच्या जरा उत्तरेला, अटलांटिकमध्ये झडपांची बादली दोराने सुमारे 1,600 मीटर खोल सोडली. वर आलेलं पाणी चांगलंच गार होतं. त्याने ते आंघोळीला आणि मद्य थंड करायला वापरलं. जहाज गुलामांच्या व्यापाराचं होतं, हेही सांगितलंच पाहिजे. हे गार पाणी ध्रुवांकडून येतं, असा तर्क पुढे काउंट रम्फर्डने मांडला.

पण ध्रुवांकडे बुडालेलं पाणी परत वर येतं कसं? दक्षिण महासागरात वारा काही पाणी वर ओढतो. बाकीच्याला ऊब मिळून हलकं व्हावं लागतं, म्हणजे वरची ऊब खाली घुसळली गेली पाहिजे. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांनी 1966 मध्ये प्रशांत महासागरातलं तापमान, क्षारता आणि कार्बन-14 यांवरून हिशेब मांडला: पाणी दिवसाला साधारण 1 सेंटीमीटर चढतं, आणि त्यासाठी सेकंदाला सुमारे 1 चौरस सेंटीमीटर एवढं मिश्रण लागतं.

मग या मिश्रणाची प्रत्यक्ष मोजणी सुरू झाली. त्यासाठीचं उपकरण म्हणजे पाण्यात मोकळं बुडत जाणारं नळकांडं. त्याच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा संवेदक असतो. इवल्याशा भोवऱ्यानेही तो किंचित वाकतो आणि विजेचा संकेत उमटतो. खुल्या समुद्रात मिश्रण भरलं मंक यांच्या आकड्याच्या जेमतेम दहावा हिस्सा! 1992 मध्ये जिम लेडवेल यांनी अटलांटिकमध्ये 300 मीटर खोलीवर सल्फर हेक्झाफ्लोराइड हा माग काढता येणारा वायू सोडून त्याचा पसरत जाणारा थर महिनोन् महिने मोजला. उत्तर तेच आलं.

उरलेलं मिश्रण सापडलं डोंगरांत. 1996 मध्ये ब्राझीलसमोरच्या खोऱ्यात सपाट तळावर पाणी शांत होतं, तर मध्य अटलांटिक पर्वतरांगेच्या खडबडीत उतारांवर जोरात घुसळत होतं. भरती-ओहोटीचं पाणी या डोंगरांवर आदळून समुद्राच्या पोटात लाटा उठवतं आणि त्या फुटल्या की थर मिसळतात. खोल समुद्रात भरतीची सुमारे 1 टेरावॅट शक्ती अशी खर्ची पडते, हे 2000 साली एगबर्ट आणि रे यांनी उपग्रहांच्या मोजणीवरून दाखवलं.

2021 मध्ये आयर्लंडजवळच्या रॉकॉल ट्रफमधल्या एका घळीत, तळालगत, हिरवा रंग सोडला गेला. तो उतारालगत दिवसाला 100 मीटरहून अधिक वेगाने वर चढला. मंक यांची सरासरी दिवसाला 1 सेंटीमीटरची होती, आणि ती अशाच मोजक्या जागांच्या जोरावर भरून निघत असणार. हवामानाच्या संगणकी प्रारूपांची जाळी इतकी मोठी असते की अशा घळी त्यांत दिसतच नाहीत. समुद्र किती उष्णता आणि किती कार्बन पोटात ठेवील हे सांगायचं असेल, तर या उतारांवरची मोजणी वाढवलीच पाहिजे.