घाडगे, यशवंत

(१६ नोव्हेंबर १९२१–१० जुलै १९४४). दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर धारातीर्थी पडलेले मराठा पलटणीचे नाईक व व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. मूळचे रायगड (तत्कालीन कुलाबा) जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे. तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनने चढाई केली, तेव्हा मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधील बाकी सर्व जवान ठार वा जखमी झाले. घाडगे एकटे शत्रूच्या मोर्च्यावर चालून गेले. हातगोळ्याने मशीनगन बंद पाडून त्यांनी एकाला टॉमीगनने टिपले. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना लोळवले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांचा बळी घेतला. पदक मरणोत्तर मिळाले. देह हाती लागला नाही. इटलीतील कॅसिनो स्मारकावर, कबर अज्ञात राहिलेल्या ४,००० हून अधिक राष्ट्रकुल सैनिकांत त्यांचे नाव आहे.

काँग्रेसचे प्रमुख नेते तुरुंगात असताना साम्राज्यासाठी लढलेल्याचा गौरव स्वतंत्र देशाने का करावा, असा आक्षेप घेता येतो. परंतु भारताला १९३९ मध्ये युद्धात ओढण्याचा निर्णय व्हाइसरॉयचा होता, बावीस वर्षांच्या नाईकाचा नव्हे. समोर नाझी जर्मनीचे सैन्य होते आणि १९४७ नंतर हीच रेजिमेंट भारताची झाली. त्यामुळे सैनिकाचे स्मरण म्हणजे त्याला धाडणाऱ्या सत्तेची भलामण ठरत नाही. पिंपरी-चिंचवडच्या वेशीवरची खडकी येथील युद्ध दफनभूमी हेच दाखवते: तेथे दुसऱ्या महायुद्धातील राष्ट्रकुल सैनिकांच्या १,६६८ कबरी आहेत, आणि साम्राज्य मावळूनही त्या स्वतंत्र भारतात सांभाळल्या जातात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शौर्यपदक काही क्षणांचा पराक्रम उजळते, पण त्याआधीचे आयुष्य आणि शेजारी पडलेले सोबती अंधारातच राहतात. हे खरे आहे. म्हणून पदकाच्या जोडीला नामफलक लागतो. दर्जा, वंश, धर्म न पाहता प्रत्येकाचे नाव कोरावे, हे राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाचे तत्त्व. पहिल्या महायुद्धातील असंख्य आशियाई-आफ्रिकी सैनिकांबाबत ते पाळले गेले नाही, हे आयोगाने २०२१ मध्ये मान्य करून माफी मागितली. नामफलकही आपोआप न्याय करत नाही, असा याचा अर्थ. माणगावात घाडगे यांचा पुतळा आहे. इटलीत मोन्तोने येथे २०२३ मध्ये त्यांच्या नावाचे सूर्यघटिका-स्मारक उभे राहिले. जन्मभूमी आणि रणभूमी दोहोंनी त्यांना आपले मानले आहे. त्यांच्या सेक्शनमधील इतरांची नावेही त्यांच्यासोबत घेतली गेली, तरच हे स्मरण पुरे होईल.