मॅट्रिक आणि शालान्त : नाशिकच्या अकरावीच्या वर्गाची गोष्ट

एकाच परीक्षेला मराठीत दोन नावं होती. कागदावरचं नाव ‘शालान्त परीक्षा’, म्हणजे शाळेचा अंत. बोलण्यातलं नाव ‘मॅट्रिक’. हा शब्द लॅटिनमधून इंग्रजीत आला आणि तिथून आपल्याकडे. त्याचा मूळ अर्थ नोंदवहीत नाव चढणं, म्हणजेच विद्यापीठात प्रवेश. एक शब्द मागे वळून शाळेकडे बघतो, दुसरा पुढे कॉलेजकडे. मधल्या काळात, म्हणजे साधारण १९४९ ते १९७५ या सव्वीस वर्षांत, नाशिकसारख्या गावातली मुलं-मुली या दोन शब्दांच्या मधल्या फटीत उभी होती असं मला वाटतं. त्या फटीविषयी हा लेख आहे.

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. (रानड्यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा.) पुढची नव्वद वर्षं ही परीक्षा विद्यापीठच घेत होतं आणि विद्यापीठाला हवी तशी मुलं निवडणं हाच तिचा हेतू होता. मराठी चौथी झाली की इंग्रजी पहिली, आणि तिथून सात वर्षांनी इंग्रजी सातवी म्हणजेच मॅट्रिकचा वर्ग. ज्यांना इंग्रजीची वाट परवडत नसे ते मराठी सातवीची ‘व्हर्नाक्युलर फायनल’ देत आणि तलाठी किंवा प्राथमिक शिक्षक होत. नाशिकमध्ये शिकलेले विनायक दामोदर सावरकर १९०१च्या अखेरीस मॅट्रिक झाले आणि लगेच पुण्याला फर्ग्युसनमध्ये गेले, कारण तेव्हा नाशिकला कॉलेजच नव्हतं. मॅट्रिक होणं म्हणजे बहुतेकांसाठी गाव सोडणं होतं.

हे चित्र १९२४ साली बदललं. गोखले एज्युकेशन सोसायटीने नाशिकला कॉलेज काढलं, तेच आजचं हं. प्रा. ठा., सगळ्यांच्या तोंडी ‘एचपीटी’. विष्णू वामन शिरवाडकर हे या बदलाचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. प्राथमिक शाळा पिंपळगाव बसवंतला, हायस्कूल नाशिकच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये (आताचं रुंगटा हायस्कूल), आणि पुढे एचपीटी. शाळकरी वयातल्या त्यांच्या कविता ‘बालबोधमेवा’त आल्या. मुलाला कविता करता येते हे त्या मासिकाच्या वाचकांना कळलं. मॅट्रिकच्या गुणपत्रिकेत मात्र ते कळायला कुठलाच रकाना नव्हता.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताच्या सरकारने नेमका हाच मुद्दा हाती घेतला. १९४८ साली परीक्षा मंडळाचा कायदा झाला, विद्यापीठाकडून परीक्षा काढून घेतली गेली आणि १९४९ मध्ये पहिली एस.एस.सी. झाली. विचार साधा होता. हायस्कूलमधून बाहेर पडणारी बहुतेक मुलं कॉलेजात जाणारच नाहीत. मग त्यांची परीक्षा कॉलेजच्या मापाने का घ्यायची? म्हणून भाषा, गणित, शास्त्र यांच्या जोडीला चित्रकला, शेती, गृहशास्त्र, वाणिज्य अशा विषयांनाही जागा मिळाली. शाळा हा स्वतःच एक पुरा टप्पा आहे, हे ‘शालान्त’ या नावात होतं.

लोकांनी ते नाव घेतलं नाही. मी स्वतः दहावीच्या पद्धतीतला, पण माझा निकाल लागला तेव्हा आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी शेजारी पेढे देताना ‘मुलगा मॅट्रिक झाला’ असंच सांगितलं. शब्द बदलायला सरकारी परिपत्रक पुरत नाही, हे खरंच. पण इथे सवयीपेक्षा जास्त काही होतं. नोकरीच्या जाहिरातीत ‘मॅट्रिक पास’ लिहिलेलं असे. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये, पोस्टात, रेल्वेत, कचेऱ्यांत आणि नव्याने निघालेल्या एस.टी.मध्ये कारकुनीचं दार याच शब्दाने उघडे. स्थळं बघतानाही ‘मुलगी मॅट्रिक आहे’ हे वाक्य उंची आणि रंगाच्या बरोबरीने येई. आणि जो पास झाला नाही त्याला एक उलटी पदवी मिळे: ‘नॉन-मॅट्रिक’. ज्या गोष्टीत आपण नापास झालो तिचंच नाव आयुष्यभर लावायचं, असा तो प्रकार.

या वर्गापर्यंत पोचत कोण होतं? १९५०च्या सुमारास नाशिक म्हणजे जेमतेम लाखभर वस्तीचं गाव. घाट, वाडे, पेठा, आणि पंचवटीकडे गेलं की देवळं. वाड्यांतल्या पांढरपेशा घरांना हायस्कूल नवं नव्हतं. बाहेरगावच्या गरीब ब्राह्मण मुलांसाठी वार लावून जेवण्याची जुनी सोय होती, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. शेतकऱ्यांच्या मुलांना तीही नव्हती. त्यांच्यासाठी वाट काढली ती बोर्डिंगांनी. मराठा विद्या प्रसारक समाजाची सुरुवात १९१४ची. उदाजी मराठा बोर्डिंगच्या इमारतीची पायाभरणी करायला १९२० साली राजर्षी शाहू महाराज नाशिकला आले होते. निफाड-दिंडोरीकडचा मुलगा नाशिकला राहून हायस्कूल शिकू शकला तो अशा वसतिगृहांमुळे. आणि ज्या गावात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, पाच वर्षं चालला आणि तरी दार उघडलं नाही, त्या गावात अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातला मुलगा अकरावीच्या बाकावर बसणं ही काय गोष्ट असेल, हे वेगळं सांगायला नको. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत वार्षिक १,२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना फी-माफी मिळू लागली. ‘ईबीसी’ ही तीन अक्षरं तेव्हा खेड्यापाड्यांत पोचली आणि अकरावीचे वर्ग भरू लागले.

आता त्या वर्षाकडे बघू. जून ते मार्च एवढंच ते वर्ष, पण ज्यांनी ते काढलं त्यांच्याशी बोललं की परीक्षेचा विषय चटकन संपतो आणि बाकीचं संपत नाही. अकरावीच्या मुलांकडे शाळेची सूत्रं असत. हस्तलिखिताचा संपादक अकरावीचा, वळणदार अक्षराची मुलगी लेखनिक, ड्रॉइंगच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षा दिलेला मुलगा मुखपृष्ठाला. हस्तलिखिताची प्रत एकच. ती वाचनालयाच्या टेबलावर ठेवली जाई आणि सगळ्या शाळेने ती हाताळायची. वक्तृत्वस्पर्धेला दुसऱ्या शाळांत जायचं तेही अकरावीनेच. राष्ट्रभाषेच्या परीक्षा, पाठांतर, लेझीम, श्रमदान. १९४८ साली एन.सी.सी.चा कायदा झाला आणि हायस्कूलच्या मैदानात ज्युनिअर डिव्हिजनची खाकी दिसू लागली. ज्या गावात डॉ. मुंजे यांनी १९३७ सालीच भोसला मिलिटरी स्कूल काढलं होतं, तिथे या कवायतीचं वेगळं अप्रूप नव्हतं, पण साध्या शाळेतल्या मुलाला ती पहिल्यांदा मिळत होती.

हिवाळ्यात गॅदरिंग. त्याचं छापील नाव ‘वार्षिक स्नेहसंमेलन’. नाटक बसवायचं, पडदे भाड्याने आणायचे, मुलींची कामं मुलांनी करायची की मुलींनी यावर शिक्षकांच्या खोलीत वाद. पन्नाशीच्या दशकातल्या नाशिकला नाटक हे लांबचं प्रकरण नव्हतं. एचपीटीत वसंत कानेटकर शिकवत होते आणि १९५७ साली त्यांचं ‘वेड्याचं घर उन्हात’ आलं. कुसुमाग्रज गावातच राहत होते. १९५० साली त्यांच्या पुढाकाराने लोकहितवादी मंडळ उभं राहिलं होतं. शाळेच्या बक्षीस समारंभाला पाहुणा म्हणून ज्याला बोलवायचं तो लेखक रस्त्यात चालताना दिसू शकत होता. सार्वजनिक वाचनालय तर १८४०पासूनचं, म्हणजे विद्यापीठाहूनही जुनं. लिहिण्या-बोलण्याला प्रतिष्ठा आहे हे या गावातल्या मुलाला कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं.

मग फेब्रुवारीत निरोप समारंभ आणि ग्रुप फोटो. खुर्च्यांवर शिक्षक, मधोमध हेडमास्तर, मुली एका बाजूला, मुलं मागे बाकांवर उभी आणि कडेला शिपाई. या फोटोंत माझं लक्ष नेहमी आकड्यांकडे जातं. वर्गात असलेली सगळी मुलं फोटोत असत, पण सगळी परीक्षेला बसत नसत. प्रिलिममध्ये जो कच्चा निघे त्याचा फॉर्म अडवण्याची पद्धत अनेक शाळांत होती, कारण टक्केवारी शाळेच्या नावावर लागायची. शाळेचा निरोप घेऊन झालेला मुलगा पुन्हा त्याच वर्गात बसे, किंवा बसतच नसे. शालान्त म्हणावं तर परीक्षाच नाही, आणि शाळा तर संपलेली.

याच काळात नाशिकपासून सायकलच्या अंतरावर आणखी एक हायस्कूल होतं, आणि तिथल्या वरच्या वर्गातल्या मुलांचं वर्ष अगदीच निराळं होतं. देवळालीचं बार्न्स स्कूल बॉम्बे एज्युकेशन सोसायटीने १९२५ साली मुंबईच्या गर्दीतून बाहेर, या मोकळ्या हवेत आणलं. शाळा अँग्लो-इंडियन, माध्यम इंग्रजी. तिथल्या मुलांसमोर केंब्रिजची परीक्षा होती.

६ जानेवारी १९५४ रोजी मोरारजी देसाई यांच्या सरकारने एक आदेश काढला. ज्यांची भाषा इंग्रजी आहे, म्हणजे अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाचे नागरिक, त्यांच्याखेरीज कुणालाही इंग्रजी माध्यमाच्या वर्गात नवा प्रवेश द्यायचा नाही. बार्न्समध्ये डिसेंबर १९५३ला ४१५ विद्यार्थी होते आणि त्यांतले २१२ अँग्लो-इंडियन, म्हणजे जवळजवळ निम्मी शाळा इतरांची. प्रवेश नाकारलेल्या मुलांचे पालक आणि संस्था कोर्टात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारीतच आदेश रद्द ठरवला आणि २६ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील फेटाळलं. राष्ट्रभाषा आणि मातृभाषा यांची वाढ व्हावी हा आमचा हेतू आहे, असं सरकारचं म्हणणं. न्यायालयाने पाहिलं ते परिणामाकडे: केवळ भाषेच्या कारणावरून नागरिकाला शाळेचं दार बंद होतं, आणि ते घटनेच्या एकोणतिसाव्या कलमात बसत नाही. घटनेनेच अँग्लो-इंडियन शाळांना अनुदानासाठी अट घातली होती की दरवर्षी निदान चाळीस टक्के प्रवेश इतरांना खुले ठेवावेत. सरकारी आदेश त्या अटीच्याही आड येत होता. अल्पसंख्याकांच्या शाळांविषयीच्या खटल्यांत हा निकाल आजही निघतो. त्यातली शाळा देवळालीची आहे हे मात्र नाशिककरांच्या फारसं बोलण्यात नसतं.

मला या खटल्यापेक्षा त्याच्या दुसऱ्या बाजूचं जास्त वाटतं. सरकारची मातृभाषेची भूमिका प्रामाणिक होती आणि शिक्षण मराठीतून व्हावं हे मलाही पटतं. पण नाशिकच्या मराठी शाळांत तेव्हा इंग्रजी आठवीपासून सुरू होत होतं. अकरावीपर्यंत चार वर्षं. आणि एचपीटीचं दार ओलांडलं की तास इंग्रजीतून. म्हणजे ज्या सरकारने शाळेचा शेवट मातृभाषेत केला, त्याने कॉलेजची सुरुवात होती तिथेच ठेवली. गॅदरिंगमध्ये टाळ्या घेणारा, हस्तलिखिताचा अग्रलेख लिहिणारा मुलगा जूनमध्ये कॉलेजच्या मागच्या बाकावर गप्प बसे. बार्न्सचा मुलगा गप्प बसत नसे. दोघांच्या बुद्धीत फरक असण्याचं कारण नव्हतं. फरक होता तो दोन दारं एका रेषेत असण्या-नसण्याचा. पुढे ज्यांना परवडलं त्यांनी आपली मुलं इंग्रजी माध्यमात घातली, त्याची बीजं मला या अनुभवात दिसतात.

त्याच सुमारास, १९५२-५३ साली, मुदलियार आयोगाने माध्यमिक शिक्षणाचा देशभर अभ्यास करून सांगितलं होतं की बाहेरची परीक्षा शाळेवर स्वार झाली आहे. मुलाचं वर्षभराचं काम, शाळेतली नोंद यांनाही अंतिम मूल्यमापनात वजन द्या. तसं झालं असतं तर हस्तलिखित, नाटक, एन.सी.सी. ही त्या वर्षाची खरी मिळकत कागदावर आली असती. झालं नाही. निकाल म्हणजे वर्तमानपत्रात छापलेल्या नंबरांची दाट पानं. मार्चमध्ये पेपर, मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेची व्याख्यानं, आणि जूनमध्ये त्या पानांवर बोट फिरवत आपला नंबर शोधणं. सापडला नाही तर ऑक्टोबर.

पण कागदावर न आलेली मिळकत वाया गेली असं मी म्हणणार नाही. या गावातल्या पतपेढ्या, गणेश मंडळं, वाचनालयाच्या निवडणुका, हौशी नाट्यसंस्था, कामगार संघटना पुढची तीस-चाळीस वर्षं ज्यांनी चालवल्या त्यांत अकरावीवर थांबलेली माणसं पुष्कळ होती. सभेचं इतिवृत्त कसं लिहायचं, पाहुण्यांची ओळख कशी करून द्यायची, वर्गणीचा हिशोब कसा ठेवायचा, हे ती त्या एका वर्षात शिकली होती. कॉलेजने त्यांना घेतलं नाही, गावाने घेतलं. ‘शालान्त’ या शब्दामागचा विचार, की शाळा हे स्वतःच एक पुरं शिक्षण असावं, त्यांच्या बाबतीत खरा ठरला. फक्त तो परीक्षेमुळे ठरला नाही, परीक्षेखेरीज जे होतं त्यामुळे ठरला.

१९७५ साली जुन्या अकरावीची आणि नव्या दहावीची शालान्त परीक्षा एकाच वर्षी झाली आणि अकरावीचा वर्ग शाळेतून उठून ज्युनिअर कॉलेजात गेला. शाळेतलं सगळ्यात मोठं वर्ष एक वर्षाने लहान झालं. सोळा-सतरा वर्षांची मुलं पूर्वी शाळेतली थोरली होती, आता ती कॉलेजातली धाकटी झाली. दहावीच्या मुलाकडे आज हस्तलिखिताचं संपादन सहसा देत नाहीत. ‘यंदा दहावी आहे’ म्हणून त्याला सगळ्यातून मोकळं करतात.