खेळ आणि उंचसखल जमीन



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुणाने आम्हांला गाठलं. 'सर, डिस्क गोल्फ आपल्या पालघरच्या डोंगरांत खेळता येईल का?' त्याचं उत्तर आज द्यायचं ठरवलंय. प्रश्न खेळाचा दिसतो, पण मुळात तो जमिनीचा आहे.

आधी खेळ समजून घेऊ. फ्रिस्बीसारखी प्लास्टिकची तबकडी फेकायची. लांबवर एका खांबाला साखळ्या लटकवलेल्या असतात, त्यांच्या खाली टोपली. तबकडी टोपलीत पडेपर्यंत फेकत जायचं, आणि पुढची फेक आधीची तबकडी जिथं पडली तिथूनच. अशा बहुधा अठरा टोपल्या. सर्वांत कमी फेकींत जो संपवील तो जिंकला. वाटेत झाड, चढ, ओहोळ जे येईल ते खेळाचाच भाग.

कॅनडातल्या ब्लॅडवर्थ गावी १९२६ साली शाळकरी मुलं पत्र्याची झाकणं जमिनीवर आखलेल्या वर्तुळांत फेकत. पुढे फ्रिस्बी बनवणाऱ्या कंपनीत काम केलेले एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह या सार्वजनिक उद्यानात पहिला कायमचा कोर्स मांडला. सुरुवातीला नुसते खांब होते, साखळ्यांची टोपली मागाहून आली. हेड्रिक २००२ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार त्यांची रक्षा मिसळून तबकड्या घडवल्या गेल्या. माणसाचा जीव खेळात किती गुंतावा, याचं हे एक उदाहरण!

आता मूळ गोल्फकडे पाहा. आपल्या देशात तो १८२९ साली कलकत्त्याच्या क्लबातून रुजला. क्लब म्हटला की राखलेली हिरवळ आली, पाणी आलं, सभासदत्व आलं. डिस्क गोल्फनं त्यातले नियम घेतले आणि कुंपण बाहेर ठेवलं. जमीन आहे तशीच राहते.

आणि आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. विटीदांडू आठवा. जमिनीत एक गल्ली कोरली, विटी कोलली, की ती पडेल तिथून अंतर मोजायचं, तेही दांडूनंच. मैदान आखायची गरज नव्हती. विसाव्या शतकात खो-खो, हुतुतू यांचे नियम बांधले गेले, मैदानं मापात आली. त्यामुळे स्पर्धा झाल्या, खेळाडू घडले, ते चांगलंच झालं. पण त्याबरोबर आपल्या मनात एक समजूतही बसली, की खेळायचं तर जमीन सपाट पाहिजे आणि ती कुणीतरी आखून दिली पाहिजे.

आमच्या बोईसर-तारापूर पट्ट्यात सपाट जमिनीला मागणी फार. १९६९ मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, देशातलं पहिलं. एमआयडीसी आली. पुढे केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. ते संच २००५-०६ मध्ये चालू झाले. वीज मिळाली, रोजगार मिळाला, ते आम्ही नाकारत नाही. पण गाव उठतं तेव्हा घरं मोजता येतात, झाडं मोजता येतात. पोरं ज्या मोकळ्या जागेत खेळायची, ती कुठल्या रकान्यात लिहायची?

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञानं 'द ग्रासहॉपर' या १९७८ च्या पुस्तकात खेळाची मीमांसा केली आहे. तिचा आशय आमच्या शब्दांत सांगायचा तर, सोपी वाट समोर असताना आपखुशीनं अवघड वाट धरणं, म्हणजे खेळ. यातला 'आपखुशीनं' हा शब्द महत्त्वाचा. डोंगराचा चढ खेळणाऱ्यानं निवडलेला असतो. डोक्यावर मोळी घेऊन तोच चढ चढणाऱ्या बाईनं तो निवडलेला नसतो.

म्हणून त्या तरुणाला आमचं उत्तर असं. खेळता येईल, जरूर येईल. पण वाघोबा खिंडीतून वर पाहताना डोंगर रिकामा आहे असं समजू नका. खिंडीत वाघोबाचं देऊळ आहे, वारली माणसं त्याला पूजतात. रानात वहिवाट आहे, चराई आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानं त्या हक्कांना मान्यता दिली आहे. पहिला खांब रोवण्याआधी पाड्यावर जा, बसा, विचारा. तिथल्या पोरांच्या हाती पहिली तबकडी द्या. ती आपल्यापेक्षा लांब फेकतील, याची आम्हांला खात्री आहे.

'नाही' म्हणाले, तर टोपली उचलून परत या. नियम पाळायचे असतात, हे खेळच तर आपल्याला शिकवतो.